ओझे आणि पत्ता : गोदामातले यंत्रमानव

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजा नावाचे गाव आहे. आजूबाजूचा मुलूख सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचा. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघाले की पोत्यांच्या थप्प्या, मालमोटारी आणि पाठीवर कट्टा घेऊन फळीवरून चढणारे हमाल हे दृश्य इथल्या मुलांना नवे नसते. याच दृश्यावर वर्गात एक गणित घालून पाहू.

समजा, ५० किलोची २०० पोती जमिनीवरून मालमोटारीत चढवायची आहेत आणि प्रत्येक पोते सरासरी दीड मीटर उंच न्यावे लागते. कार्य म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. म्हणून १०,००० × ९.८ × १.५ = १,४७,००० ज्यूल. विजेच्या मीटरवरचे एक युनिट म्हणजे ३६,००,००० ज्यूल. भागाकार केला तर उत्तर येते सुमारे ०.०४. दहा टन माल गाडीत चढवायला लागणारी ऊर्जा विजेच्या एका युनिटच्या चोविसाव्या हिश्शाइतकी! यंत्राची कार्यक्षमता निम्मीच धरली, तरी युनिटचा बारावा हिस्सा पुरे.

हे उत्तर मुलांना खरे वाटत नाही. ते पुन्हा गणित करून पाहतात, आणि तसे करू द्यावे. मग प्रश्न विचारावा : ऊर्जा इतकी स्वस्त आहे, तर हे काम अजून माणसाच्या पाठीवर का आहे? यंत्राने ते केव्हाच का घेतले नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना गोदामात काम करणारे यंत्रमानव, म्हणजेच रोबो, कसे चालतात हे तर कळतेच. शिवाय ते कुठे चालत नाहीत आणि का, हेही कळते.

हमाल काय काय जाणतो?

हमालाचे काम बारकाईने पाहा. पोत्याचे कान धरताना त्याला हाताला कळते की माल ओला आहे, पोते एका कोपऱ्यात उसवले आहे किंवा भरताना एका बाजूला दबले आहे. फळी लवते तशी तो पावलाची लांबी बदलतो. थप्पी लावताना एक थर उभा, दुसरा आडवा रचतो, म्हणजे पोती एकमेकांना धरून ठेवतात आणि थप्पी ढासळत नाही.

आणि तो पोते पाठीवरच का घेतो? येथे तरफेचा नियम लावून पाहू. ५० किलोचे पोते छातीपासून पुढे, कण्यापासून ४० सेंटिमीटर अंतरावर धरले असे समजा. ते तोलून धरणारे पाठीचे स्नायू कण्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर ओढ देतात. म्हणजे भाराची भुजा बलाच्या भुजेच्या आठपट. तोल राखायला स्नायूंना ५० च्या आठपट, म्हणजे ४०० किलोग्रॅम वजनाइतकी ओढ लावावी लागते आणि तेवढा दाब मणक्यांवर येतो. पोते पाठीवर घेऊन थोडे वाकले की त्याचा भार कण्याच्या जवळून आणि पावलांच्या मधून खाली जातो. भुजा लहान होते आणि दाब उतरतो. हा नियम हमालाने पुस्तकात वाचलेला नसतो. त्याच्या शरीराला तो माहीत असतो.

थोडक्यात, ओझे वाहण्याच्या कामात दोन कामे मिसळलेली आहेत. एक वाहण्याचे, दुसरे ठरवण्याचे : काय उचलायचे, कसे धरायचे, कोणत्या वाटेने न्यायचे, कुठे ठेवायचे. पहिले काम यंत्राला सोपे आहे. अवघड आहे ते दुसरे.

आंधळी गाडी आणि आंधळा हात

ठरवण्याचे काम टाळायची एक युक्ती म्हणजे वाट आणि जागा पक्की करून टाकणे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बॅरेट इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने चालकाशिवाय धावणारी ओढगाडी बाजारात आणली. ती तारेच्या मागोमाग जाई. तार जिथे, गाडी तिथे. १९६१ साली जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात ‘युनिमेट’ हा यंत्रहात कामाला लागला. साच्यातून निघालेले धातूचे तापलेले भाग उचलून ठेवणे हे त्याचे काम. भाग ठरल्या जागी आला नाही, तर तो हात रिकाम्या हवेत मूठ मिटून तसाच पुढे जाई.

कारखान्यात हे चालून जाते, कारण तिथे दिवसभर एकच वस्तू एकाच वाटेने येते. गोदामाचे तसे नसते. तिथे हजारो प्रकारच्या वस्तू असतात आणि पुढची मागणी कशाची येईल हे कोणालाच ठाऊक नसते. साध्या गोदामात कामगार हातात यादी घेऊन कपाटांच्या रांगांतून फिरतो. वस्तू काढायला थोडा वेळ लागतो. कामाचा निम्म्याच्या आसपास वेळ नुसता चालण्यात जातो.

मिक माउंट्झ हे अमेरिकन अभियंते घरपोच किराणा पोचवणाऱ्या ‘वेबव्हॅन’ या कंपनीत होते. ती २००१ साली बुडाली. मागणी गोळा करण्याचा खर्च हे अशा धंद्याचे मोठे दुखणे होते. माउंट्झ यांनी प्रश्नच उलटा केला : माणसाने मालाकडे जाण्याऐवजी माल माणसाकडे आला तर? २००३ साली त्यांनी कंपनी काढली, तिचे नाव पुढे ‘किवा सिस्टिम्स’ झाले. पीटर वुर्मन आणि राफाएलो डी’आंद्रेया हे त्यांचे सहकारी. २०१२ साली ॲमेझॉनने ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरला विकत घेतली. २०२५ च्या मध्यास ॲमेझॉनने आपल्या गोदामांतील रोबोंची संख्या दहा लाखांवर गेल्याचे जाहीर केले.

किवाचा रोबो दिसायला अगदी साधा आहे. बसक्या, चौकोनी पेटीला दोन चालवती चाके, बस. त्याला हात नाहीत. तो सुट्या कपाटाखाली शिरतो आणि जागच्या जागी गोल फिरतो. त्याच्या माथ्यावरची तबकडी स्क्रूवर बसवलेली असते. मोटारीच्या जॅकप्रमाणे ती वर चढते आणि अख्खे कपाट जमिनीपासून काही सेंटिमीटर उचलले जाते. मग रोबो ते कपाट कडेला उभ्या असलेल्या कामगारापुढे नेऊन ठेवतो. कामगार हवी ती वस्तू काढून घेतो आणि कपाट परत जाते.

कपाट त्याच जागी परत जावे असेही नाही. जी वस्तू वारंवार मागितली जाते तिचे कपाट जवळ ठेवले जाते. जी पडून असते ती मागे सरकते. काही दिवसांत गोदाम आपोआप नव्याने लागते. आपल्या स्वयंपाकघरात मीठ-तिखटाचे डबे हाताशी आणि पुरणयंत्र माळ्यावर जाते, तोच हा न्याय.

आपण कुठे आहोत हे रोबोला कसे कळते?

पहिला उपाय चाकाचे फेरे मोजण्याचा. चाकाचा व्यास १५ सेंटिमीटर असेल तर परीघ ४७.१ सेंटिमीटर. १०० मीटर जायला सुमारे २१२ फेरे लागतील. पण चाक झिजते. व्यास फक्त एक मिलिमीटरने कमी झाला, तर दर फेऱ्याला ३.१ मिलिमीटर अंतर कमी पडते. २१२ फेऱ्यांत ही चूक साचत साचत सुमारे ६७ सेंटिमीटर होते. कपाटाखाली शिरायचे तर एवढी चूक चालणार नाही.

दिशेची चूक आणखी वाईट. एका अंशाने तोंड वाकडे झाले, तर एक मीटर गेल्यावर रोबो पावणेदोन सेंटिमीटर बाजूला सरकलेला असतो. दहा मीटरवर साडेसतरा सेंटिमीटर. कंपासपेटीतला कोनमापक घेऊन हे मुलांना मैदानावर करून पाहता येईल.

यावरचा उपाय स्वस्त आणि नामी आहे. गोदामाच्या फरशीवर ठरावीक अंतरावर चौकोनी संकेतचिन्हे चिकटवलेली असतात. दुकानात पैसे देताना आपण मोबाइलने ठिपक्यांचा चौकोन टिपतो, त्याच जातीची ही चिन्हे. रोबोच्या पोटाखाली कॅमेरा असतो. चिन्हावरून जाताना तो ते वाचतो : ‘मी अमुक ओळीत, तमुक रकान्यात आहे, आणि इतका वाकडा आलो आहे.’ मागची चूक तिथेच पुसली जाते. वरच्या उदाहरणात दर मीटरला चिन्ह असेल, तर चूक ६७ सेंटिमीटर नव्हे, फक्त ७ मिलिमीटरच्या आसपास राहते. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड प्रवाशाला जे सांगतात, तेच ही चिन्हे रोबोला सांगतात.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. रोबो फार हुशार झाला असे नाही. जमीन सपाट केली, माणसांची ये-जा बंद केली, चिन्हे लावली आणि कपाटे एका मापाची केली. आजूबाजूचे जग सोपे केले, म्हणून थोड्या अकलेत काम भागले.

मैदानावरचे गोदाम

शेकडो रोबो एकमेकांना न धडकता कसे फिरतात, हे खेळातून छान समजते. शाळेच्या मैदानावर फक्कीने सहा बाय सहा चौकोनांची जाळी आखा. प्रत्येक चौकोन एक मीटरचा. पाच-सहा विद्यार्थी रोबो होतील. काही चौकोनांत दप्तरे ठेवा, ही कपाटे. जाळीबाहेर एका बाजूला ‘कामगार’ उभा राहील. एक विद्यार्थी वही घेऊन ‘संगणक’ होईल.

पहिल्या फेरीत कोणताही नियम नको. रोबोंनी आपापले दप्तर उचलून कामगाराकडे न्यावे आणि परत आणून ठेवावे. धक्काबुक्की होईल. हसून घ्यावे.

दुसऱ्या फेरीत एकच नियम : पुढच्या चौकोनात पाऊल टाकण्यापूर्वी तो चौकोन संगणकाकडून आपल्या नावावर लिहून घ्यायचा. मागचा सोडला की खोडायचा. आता धडक होणार नाही. पण थोड्याच वेळात दोन रोबो समोरासमोर येऊन उभे राहतील. प्रत्येकाला दुसऱ्याचा चौकोन हवा आहे. कधी चार रोबो चौकात असे अडकतील की प्रत्येक जण पुढच्याची वाट पाहतो आणि कोणीच हलत नाही. कोणाची चूक नसताना सगळे थांबलेले. याला कोंडी म्हणू.

उपाय मुलांनाच सुचवू द्यावा. बहुधा कोणीतरी म्हणेल, ‘एका ओळीतून फक्त जायचे, दुसरीतून फक्त यायचे.’ कोणी म्हणेल, ‘रिकाम्या हाताच्याने बाजूला व्हायचे.’ खऱ्या गोदामातही एकदिशा मार्ग आणि अग्रक्रम असेच वापरतात. तिसऱ्या फेरीत वारंवार लागणारे दप्तर आधी लांब, मग जवळ ठेवून पावले मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजेच गोदामाचा नफा.

पत्ता वाचता आला पाहिजे

माल साठवण्याइतकेच मोठे काम वर्गवारीचे. हजारो पार्सले आली. कोणते कोणत्या गावाच्या पिशवीत टाकायचे?

मुंबईचे डबेवाले १८९० पासून हे काम करत आले आहेत. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली थोडी अक्षरे आणि आकडे एवढ्यावरच डबा बरोबर माणसापुढे जातो. या खुणेत घरमालकाचे नाव नसते. कोणत्या स्थानकावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत न्यायचा, अशी माहिती असते. वाहणाऱ्याला जितके हवे तितकेच सांगणारा असा हा पत्ता.

देशभरासाठी हेच काम पिन कोडने केले. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. टपाल खात्यातले हे अधिकारी संस्कृतचे कवी म्हणूनही प्रसिद्ध होते. वाशिम शहराचा पिन ४४४५०५. पहिला ४ पाहिला की पश्चिम भारतातला एक मोठा विभाग ठरतो. ४४ म्हटले की विदर्भाकडे वाट वळते. ४४४ पर्यंत आलो की वर्गवारीचा जिल्हा निघतो. उरलेले तीन आकडे टपाल कार्यालय सांगतात. प्रत्येक आकड्याला दहाच पर्याय. दहा खणांपैकी कोणता, एवढेच दर वेळी ठरवायचे. मोठा प्रश्न लहान लहान प्रश्नांत फोडला की यंत्रालाही तो सुटतो.

आज अनेक वर्गवारी केंद्रांत पार्सलावरची पट्टी कॅमेरा वाचतो, छोटा रोबो ते पार्सल घेऊन नेमक्या खणापाशी जातो आणि आत टाकतो. भारतात या क्षेत्रात पिलानीच्या माजी विद्यार्थ्यांनी २०११ साली सुरू केलेली ‘ग्रेऑरेंज’ पुढे आली. पुण्याची ‘अनबॉक्स रोबोटिक्स’ ही २०१९ साली सुरू झालेली कंपनी खण एकावर एक उभे रचते, म्हणजे महागड्या जागेत कमी क्षेत्रफळ लागते.

हाताचे कोडे

कपाट आले, पार्सल खणात गेले. पण कपाटातून वस्तू उचलून काढणारा बहुतेक ठिकाणी अजून माणूसच आहे. बुद्धिबळात जगज्जेत्याला हरवणारे यंत्र १९९७ मध्येच झाले. पेटीतून साबणाची वडी, मोज्यांची जोडी आणि काचेची बरणी सारख्याच सहजतेने काढणारे यंत्र त्याहून किती तरी अवघड निघाले. माणसाला जे जड वाटते ते यंत्राला सोपे, आणि लहान मूल जे सहज करते ते यंत्राला जड, हे हान्स मोराव्हेक या संशोधकाने १९८८ साली नोंदवले होते.

यंत्रहाताचे आवडते साधन म्हणजे हवा ओढून घेणारी रबरी वाटी. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका. ५ सेंटिमीटर व्यासाच्या वाटीचे क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर. आतील हवेचा दाब साठ टक्क्यांनी उतरवला, तर बाहेरची हवा वस्तूला सुमारे पावणेबारा किलोच्या बळाने वाटीवर दाबून धरते. हिसके-धक्के धरून व्यवहारात तीन किलोपर्यंत विश्वास ठेवावा. खोक्यासाठी हे झकास.

आता ही वाटी बारदानाच्या पोत्याला लावा. तागाच्या वीणीतून हवा आत शिरते. पकड बसतच नाही. शिवाय पोते उचलले की आतले सोयाबीन घसरते, आकार बदलतो, तोल सरकतो. म्हणून खताच्या किंवा सिमेंटच्या कारखान्यांत पोती रचणारे रोबो वाटी वापरत नाहीत. तिथे पोते एका मापाचे, दाबून सपाट केलेले, रुळांवरून येते. रोबोची लांब बोटे रुळांच्या फटींतून पोत्याखाली जातात आणि ते तळापासून उचलतात. पुन्हा तेच : यंत्र शहाणे करण्याआधी पोते आणि जागा शिस्तीत आणली.

किन्हीराजाचे पोते

मग सोयाबीनच्या पोत्यासाठी रोबो का नाही, हे आता सांगता येईल. पोती वेगवेगळ्या वजनांची, कमी-जास्त भरलेली. जमीन खडबडीत. गाड्यांची उंची निरनिराळी. आणि हंगाम थोड्या आठवड्यांचा. बाकी वर्षभर ते महागडे यंत्र बसून राहील. कारखान्यातला रोबो तीन पाळ्यांत राबतो, म्हणून त्याची किंमत वसूल होते.

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण झाला. तो नागपूरहून निघून वाशिम जिल्ह्यातून जातो आणि गोदामांसाठी प्रसिद्ध असलेल्या भिवंडीजवळ आमणे येथे संपतो. तिकडून आपल्या गावात येणारे पार्सल वाटेत एखाद्या यंत्राने वाचलेले असू शकते. इकडून निघणारे पोते मात्र माणसाच्या पाठीवरूनच गाडीत चढते.

हे असेच राहावे काय? ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून आला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. माणसाची वेठ यंत्राने घ्यावी, हे स्वप्न चांगलेच आहे. पण वेठ गेली आणि त्याबरोबर मजुरीही गेली, तर ज्याची पाठ वाचली त्याचेच पोट रिकामे राहील. महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगार संघटित केले, पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. एके काळी १०० किलोचे पोते सर्रास पाठीवर दिले जाई. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. पोते निम्मे झाले ते यंत्रामुळे नव्हे. कोणीतरी वजनाचा प्रश्न विचारला म्हणून.

रोबो आणि पाठ यांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. मालमोटारीच्या फरशीइतक्या उंचीचा सिमेंटचा ओटा बांधून माल त्यावरच उतरवून साठवला, तर गाडीत भरताना आपल्या गणितातली दीड मीटर उंची जवळजवळ शून्य होते. चारचाकी ढकलगाडी आली की पाठीवरचा भार चाकांवर जातो. फिरता पट्टा, हाताने दाबून चालणारी पॅलेटगाडी ही पुढची पायरी. धान्य पोत्यात न भरता सायलोत सुटे साठवले, तर ते पाण्यासारखे वाहते आणि खाली आणायचे काम गुरुत्वाकर्षण फुकट करते. किवाच्या रोबोने शिकवले ते हेच : आधी काम नीट मांडा, मग यंत्र आणा.

विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. गावात माल चढवला-उतरवला जातो तिथे जाऊन पोत्याचे वजन, उचलण्याची उंची, चालण्याचे अंतर आणि दिवसाची पोती मोजावीत. हमालकाकांना विचारावे की फळीवर पाऊल कसे टाकता, थप्पी कशी बांधता, दुखते कुठे. मग गणित करून सांगावे की ओटा बांधला तर किती कार्य वाचेल, गाडी आणली तर किती पावले वाचतील, आणि त्यांना स्वतःला यातले आधी काय हवे आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वहीत नीट उतरवून घ्यावे. यंत्र कोणी निवडायचे हे त्यावरून ठरायला हवे.